कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत कधी जायचं? कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

माझी दोन्ही मुलं कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत गेली. मोठा दोन वर्षांत गेला, धाकटीला तीन लागली. तेव्हापासून सनीव्हेल, फ्रीमॉन्ट, सॅन रमोनकडच्या ओळखीच्या घरांतून फोन येतात. आईवडील एका सुरात विचारतात, मुलं दुसऱ्या सुरात, पण प्रश्न तेच. मी काउन्सेलर नाही. तीच उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. टेक्सास किंवा न्यू जर्सीवाल्यांनी यातल्या तारखा आणि युनिटांचे (प्रत्येक विषयाला मिळणाऱ्या क्रेडिटचे) आकडे आपल्याला लागू आहेत असं समजू नये.

दोन वर्षं इकडे, दोन वर्षं तिकडे, असंच असतं ना? मग ठरवायचं काय?

कागदावर तसंच आहे. राज्याच्या उच्चशिक्षणाच्या १९६०च्या मास्टर प्लॅनपासून इथे तीन वेगवेगळी दारं आहेत: कम्युनिटी कॉलेज, कॅल स्टेट म्हणजे सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया). पहिल्या दारातून आत शिरून दोन वर्षांनी बाकीच्या दोहोंपैकी एकात जाता यावं, ही सोय त्या आराखड्यातच आहे. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि यूसीत ट्रान्स्फर होऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं त्यांच्यातलीच असतात.

आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की तिकडे डिप्लोमाचा निकाल लागला की जायचं, कधी जायचं हा प्रश्नच उद्भवत नाही. इथे ती तारीख तुम्हाला कोणी सांगत नाही. दोन वर्षं हे अंतर आहे, मुदत नव्हे. दर सत्राला पूर्ण १५ युनिट घेऊन, एकही विषय न सोडता जाणाऱ्यालाच ते दोन वर्षांत कापता येतं. नोकरी करणारी, मेजर म्हणजे मुख्य विषय बदलणारी, गणितात एकदा आपटणारी मुलं तीन वर्षं घेतात, आणि अशी मुलंच जास्त.

काकू, माझे नव्वद युनिट होतायत. आता जाऊ ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो.

काही कॉलेजांत वर्षाची दोन सेमिस्टर असतात, काहींत तीन क्वार्टर. ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट झाले की तुम्ही ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला बसायला पात्र. पण ते नव्वद कशाचे? मानसशास्त्र, सिनेमाचा इतिहास आणि दोनदा योगासनं धरून नव्वद होत असतील, तर इंजिनिअरिंगवाले ते बाजूला ठेवून विचारतील, फिजिक्स कुठंय?

आमच्या मुलाचं डी अँझा कॉलेजातलं उदाहरण घेते. तिथे कॅल्क्युलसची साखळी आहे: मॅथ १ए, १बी, १सी, १डी. चार क्वार्टर. पुढे डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा. फिजिक्सची वेगळी साखळी: ४ए, ४बी, ४सी, ४डी, आणि तिचं पहिलं पाऊल टाकायलाही कॅल्क्युलस सुरू झालेलं लागतं. वर प्रोग्रॅमिंगचे विषय, तेही एकामागून एक. वर्षात तीन क्वार्टर आणि एक उन्हाळा. आता मुलगा पहिल्या फॉलला (सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राला) १ए ऐवजी कॅल्क्युलसच्या आधीच्या गणितात बसला, तर शेवटचा विषय कुठल्या क्वार्टरला पडतो ते बोटांवर मोजा. यूसीचे बहुतेक मेजर फक्त फॉललाच ट्रान्स्फरची मुलं घेतात, आणि तयारीचे विषय त्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या सत्रापर्यंत, संपायला हवेत. म्हणजे साखळी एका क्वार्टरने घसरली आणि उन्हाळ्यात भरून निघाली नाही, तर जाणं एका वर्षाने लांबतं.

म्हणून मी फोनवर आधी युनिट विचारत नाही. विचारते, मेजरच्या तयारीतला शेवटचा विषय कोणत्या सत्रात संपतोय? त्यानंतरचा फॉल ही तुमची तारीख. इतिहास, इंग्लिश, सोशॉलॉजी घेणाऱ्यांची साखळी आखूड असते, ती दोन वर्षांत सहज जातात.

आपल्या एटीकेटीसारखं विषय मागे ठेवून वर चढता येत नाही का, असं एका बाबांनी विचारलं होतं. नाही. मेजरसाठी आवश्यक म्हणून लिहिलेला विषय राहिला, तर आलेला प्रवेशही परत घेतला जाऊ शकतो.

कोणता विषय कुठे चालतो हे कुठे बघायचं?

‘असिस्ट’ नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथेच. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या बरोबरीचा. तुमचं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी, हवं ते मेजर आणि वर्ष निवडा, पान छापून घ्या आणि झालेल्या विषयांवर खुणा करा. मैत्रिणीच्या मुलाने काय घेतलं होतं ते विचारू नका. वर्ष बदललं की कॉलेज आणि युनिव्हर्सिटीमधला हा करार बदलतो.

इथे आम्ही हात पोळून घेतले आहेत. मोठ्याने फिजिक्सचे दोन भाग क्वार्टरच्या कॉलेजात केले आणि तिसरा उन्हाळ्यात शेजारच्या सेमिस्टरच्या कॉलेजात उरकला. चालेल, असं तोंडी सांगण्यात आलं होतं. चाललं नाही. क्वार्टरवाले चार तुकड्यांत शिकवतात ते सेमिस्टरवाले तीन तुकड्यांत, त्यामुळे काही धडे त्याने दोनदा शिकले आणि काही एकदाही नाही. तो भाग पुन्हा करावा लागला. नशीब, एक क्वार्टर हातात होता. साखळीचे विषय एकाच कॉलेजात संपवा, आणि ‘चालेल’ हा शब्द ईमेलवर घ्या.

अर्ज कधी करायचा? जायच्या आधी सहा महिने?

जवळजवळ वर्षभर आधी. इथेच घरोघरी गडबड होते. आमच्याकडे फ्रिजवर कालनिर्णय असतो, त्यावर धाकटीने गोल केले होते, ते सांगते.

गणपतीच्या आगेमागे, सप्टेंबरची १ ते ३० तारीख: ‘टॅग’चा अर्ज. त्याबद्दल खाली. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात: यूसी आणि सीएसयूचा खरा अर्ज, जो नोव्हेंबरअखेरीस नाहीतर डिसेंबरच्या पहिल्या एकदोन दिवसांत बंद होतो. संक्रांतीच्या सुमारास: यूसीला फॉलचे ग्रेड कळवायचे. हे राहून गेलं की हातचा प्रवेश जाऊ शकतो. एप्रिल संपेपर्यंत निकाल, आणि १ जूनपर्यंत होकार.

याचा अर्थ असा की दोन वर्षांत जाणारं मूल अर्ज भरतं तेव्हा त्याच्या हातात जेमतेम एका वर्षाचे ग्रेड असतात. पहिल्या वर्षी सी आले असतील, तर ‘पुढच्या वर्षी भरून काढीन’ याला अर्थ राहत नाही, कारण बघणारा मुख्यतः तेवढंच बघणार. तीन वर्षं घेणाऱ्याकडे दोन वर्षांचे ग्रेड असतात. धाकटीचा पहिला क्वार्टर वाईट गेला होता, ती थांबली त्याचं निम्मं कारण हे.

हायस्कूलचे ग्रेड वाईट होते. त्याचं काय?

ज्युनिअर म्हणून जाणाऱ्याचे ते ग्रेड यूसी सहसा विचारात घेत नाही. एसएटीही नाही. पाटी कोरी होते. म्हणून तर हा मार्ग आहे.

टॅग म्हणजे काय? गॅरंटी म्हणजे खरंच गॅरंटी?

टॅग म्हणजे ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी, यूसीतल्या प्रवेशाची आधीच मिळणारी हमी. खरीच, अटी पाळल्या तर. सहा यूसींमध्ये ही सोय आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसचा टॅग घेता येतो, आणि त्याआधी ३० सेमिस्टर किंवा ४५ क्वार्टर युनिट पूर्ण झालेले असावे लागतात. जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) अट प्रत्येकाची वेगळी.

आता मेख. कॉम्प्युटर सायन्ससारखी मागणीची मेजर कित्येक ठिकाणी या गॅरंटीतून वगळलेली असतात. म्हणजे आपल्या घरांतल्या निम्म्या मुलांना जे हवंय तेच. मग काही जण म्हणतात, दुसऱ्या मेजरमध्ये शिरू आणि आत जाऊन बदलू. हे करू नका. आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्समध्ये बदलून घेणं बाहेरून मिळवण्याइतकंच कठीण असतं, काही ठिकाणी तर शक्यच नसतं.

सीएसयूसाठी याच्याच धर्तीवर ट्रान्स्फरची असोसिएट डिग्री आहे, २०१०च्या कायद्याने सुरू झालेली. ती घेतली की सीएसयूमध्ये कुठेतरी जागा नक्की. ‘कुठेतरी’ हा शब्द नीट वाचा. सॅन होजे स्टेटची सगळीच मेजर गर्दीची आहेत, तिथे ही डिग्री मदत करते, वचन देत नाही.

एका वर्षात उडी मारता येईल का?

यूसी आणि सीएसयूमध्ये जवळजवळ नाही, त्यांना ज्युनिअरच हवे असतात. यूएससीसारख्या खासगी युनिव्हर्सिट्या एका वर्षानंतर घेतात, पण तिथे हायस्कूलचं प्रगतिपुस्तक पुन्हा बाहेर येतं आणि फीचा आकडा बघून वडील गप्प होतात.

हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय केलेली मुलं विचारतात, आम्ही ट्रान्स्फर ना? नाही. शाळा संपायच्या आधीचे आणि लगेचच्या उन्हाळ्यातले विषय कितीही असोत, अर्ज फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा विद्यार्थी) म्हणूनच. शाळेनंतर नियमित सत्रात कॉलेजला बसलात की मात्र तुम्ही ट्रान्स्फरच्या रांगेत गेलात, मागे फिरता येत नाही. त्यामुळे ‘एक फॉल कम्युनिटी कॉलेजात काढून पुन्हा फ्रेशमनचा अर्ज करू’ हा बेत असेल तर सोडा.

फार थांबलं तर युनिट वाया जातात म्हणे?

वाया नाही, पण मोजणं थांबतं. यूसी कम्युनिटी कॉलेजचे ७० सेमिस्टर म्हणजे १०५ क्वार्टर युनिटच धरते. त्यापुढचे विषय ‘झाले’ म्हणून मान्य होतात, फक्त युनिट चढत नाहीत. धाकटीचे १२०च्या वर गेले होते, कोणी हूं की चूं केलं नाही. ज्यांनी आधी चार वर्षांच्या कॉलेजात शिकून सोडलंय त्यांनी मात्र जपून. दोन्हीकडचे मिळून फार झाले तर सीनिअर (चौथ्या वर्षाचा) समजून नाकारण्याची भीती असते. पुण्यात दोन वर्षं इंजिनिअरिंग करून इकडे आलेल्यांनी ते लपवू नये. शिकलेलं प्रत्येक कॉलेज अर्जात लिहावंच लागतं.

तिसरं वर्ष म्हणजे वर्ष वायाच ना?

हा शब्द आपण विमानातून सोबत आणला. वर्ष वाया गेलं म्हणजे बरोबरीची मुलं पुढे गेली, आत्याने विचारलं, काकाने विचारलं. इथल्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) ‘वर्ष’ नावाचा रकानाच नाही. गॅप सर्टिफिकेट कोणी मागत नाही.

पैशाचा हिशेब करा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरचं युनिट ४६ डॉलरला, डी अँझासारख्या क्वार्टरच्या कॉलेजात ३१ डॉलरला. पंचेचाळीस युनिटांचं अख्खं वर्ष १,३९५ डॉलर, वर किरकोळ फी आणि पार्किंग. यूसीत वर्षाची ट्युशन पंधरा हजारांच्या आसपास, राहणं-जेवण वेगळं. तयारी अर्धी ठेवून घाईने गेलात तर ते राहिलेले विषय तिथे करावे लागतात आणि दोनाची तीन वर्षं होतात. एक वर्ष जास्त लागणारच असेल, तर ते घरचं वरण-भात खाऊन तेराशे पंच्याण्णवात काढावं, असं माझं मत. नवऱ्याचं मत वेगळं होतं: एका वर्षाचा पगार बुडतो तो धर. धरला. तरी दोन्ही बाजूंना वर्ष एकच लागत होतं.

हे गणित फसतं एकाच ठिकाणी. मूल खरोखर काही करत नसेल, नुसतं ‘थांबलेलं’ असेल, दर सत्राला दोन विषय घेऊन त्यातला एक सोडत असेल, तर तिसऱ्यानंतर चौथंही येतं.

बर्कलीने नाकारलं, सॅन होजे स्टेटने घेतलं. एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करू का?

हवं ते मेजर मिळालंय? मग जा. आपल्याकडची घरं नावावर फार अडतात, आणि सॅन होजे स्टेटमधून इथल्या कंपन्यांत किती मुलं जातात ते बघायला या भागात राहणाऱ्याला लांब जावं लागत नाही.

थांबण्यात अर्थ कधी? नकाराचं कारण दुरुस्त होण्यासारखं असेल तर. एखादा आवश्यक विषय राहिला होता, किंवा पहिल्या वर्षीचा एक वाईट क्वार्टर जीपीए खाली ओढत होता आणि आणखी ४५ युनिटांनी तो वर येतो, असं असेल तर थांबा, आणि या वेळी टॅगही लावा. सगळे विषय झालेले, जीपीए ३.९, तरी नाकारलं, तर पुढच्या वर्षी त्या अर्जात नवीन काय असणार?

एक गोष्ट करू नका. ‘आत्ता सॅन होजेला जातो, तिथून वर्षभराने बर्कली बघू.’ यूसी प्राधान्य देते ते कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना, चार वर्षांच्या कॉलेजातून येणारे त्यांच्या मागे. टॅगही मिळत नाही.

मुलगी एच-४ वर आहे. वेगळं काही?

हो, आणि हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. एकविसावा वाढदिवस. ग्रीन कार्डची रांग सरकली नसेल तर त्या दिवशी एच-४ (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) संपतो, आणि बहुतेकांना त्याआधी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. एफ-१ वर कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण मिळवता येत नाही, आणि यूसीत बाहेरच्यांना वर्षाला पस्तीस हजारांहून जास्त डॉलर वेगळे मोजावे लागतात. त्यामुळे तिसरं वर्ष घ्यायचं की नाही हे ठरवताना या घरांनी साखळीशेजारी जन्मतारीखही मांडावी. स्टेटस बदलल्यावर फी कोणत्या दराने लागेल ते त्या युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी विभागाला आधीच लेखी विचारा, आणि स्टेटसचं वकिलाला. माझ्यासारख्या काकूला नाही.

मी भारतातून एफ-१ वर थेट कम्युनिटी कॉलेजात आलोय. माझी वेळ कशी ठरते?

विषयांची साखळी तीच. टॅग तुम्हालाही मिळतो, फक्त यूसीत किमान जीपीए २.४ ऐवजी २.८ लागतो, आणि खरी स्पर्धा त्याच्या कितीतरी वर असते.

वेगळं ते कागदांचं. दर नियमित सत्राला निदान १२ युनिट हवेत, त्यामुळे ‘डिसेंबरात सगळं संपलं, ऑगस्टपर्यंत आराम’ हे चालत नाही. नवीन युनिव्हर्सिटीचा प्रवेश नक्की झाला की जुन्या कॉलेजकडून सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद तिकडे सोडवून घ्यायची, मग नवीन आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) निघतो. मधलं अंतर पाच महिन्यांच्या आत बसायला हवं. असोसिएट डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) घेता येतो, आणि पुढे बॅचलर्सनंतर पुन्हा नवीन १२ महिने मिळतात, पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित शाखांना मिळणारी) २४ महिन्यांची वाढ असोसिएटवर नाही. त्यामुळे मध्येच कामाला लागून मग ट्रान्स्फर करण्याचा विचार असेल, तर आधी स्टेमची वाढ धरून केलेले बेत पुसा.

अभ्यासाचं झालं. पण मूल तयार आहे हे कसं ओळखायचं?

विषयांची नोंदणी कोण करतं? आमच्याकडे पहिल्या वर्षी मी करत होते. रात्री बाराला लॅपटॉप उघडून, धाकटी झोपलेली. हे लिहिताना लाज वाटते, पण असं करणारी मी एकटी नाही. तिने दुसऱ्या वर्षी स्वतः रांगेत उभं राहून भरलेल्या वर्गात जागा मिळवली, प्रोफेसरला भेटून आली, आणि मला दोन दिवसांनी सांगितलं. त्या दिवशी मला वाटलं, आता ही सँटा बार्बराला गेली तरी चालेल. (गेली डेव्हिसला.)

तिथे पहिल्या क्वार्टरला ग्रेड घसरतात, बऱ्याच ट्रान्स्फर मुलांचे घसरतात. जुना जीपीए सोबत जात नाही, नवीन शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे ती घसरण कागदावर उघडी दिसते. पहिल्या क्वार्टरला तीन कठीण विषय घेऊ देऊ नका.

शेवटच्या स्प्रिंगमध्ये एक विषय सोडावा लागला तर?

त्याच दिवशी युनिव्हर्सिटीला कळवा. कळवलं तर बऱ्याचदा उन्हाळ्यात करायची मुभा मिळते. न कळवता जुलैत ट्रान्सक्रिप्ट पोचलं तर प्रवेश रद्द झाल्याचं पत्र येतं, आणि तेव्हा कोणाला फोन करायचा हे मलाही विचारू नका.

डिग्रीवर कम्युनिटी कॉलेजचं नाव येतं का? भारतात काय सांगायचं?

डिग्रीवर फक्त युनिव्हर्सिटीचं नाव. लपवण्यासारखंही काही नाही. स्टीव्ह वॉझ्निॲक डी अँझात शिकला होता आणि टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात. पण आमच्या सासूबाईंना ना वॉझ्निॲक माहीत ना हँक्स. त्यांना साताऱ्याला फोनवर मी सांगितलं, आपल्या डिप्लोमाच्या मुलांसारखंच आहे आई, ती कशी थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तशी ही जातेय.

“कितव्या वर्षाला?”

“तिसऱ्या.”

“अगं मग थेट तिसऱ्या म्हण की! कमी का सांगतेस?”